स्वभाव जनुकांत लिहिलेला असतो का? एका मिलिमीटरच्या कृमीचं उत्तर ऐका!

“अगदी आजोबांवर गेलाय!” “हट्टीपणा आईकडून आलाय.” “खाण तशी माती, दुसरं काय!” अशी वाक्यं कुठल्या मराठी घरात ऐकू येत नाहीत? घर पुण्यात असो, इंदूरमध्ये असो की बडोद्यात, बाळ जन्माला आलं की नाक कुणाचं आणि डोळे कुणाचे याची चर्चा सुरू होते. ते जरा मोठं झालं की चर्चा हळूहळू स्वभावाकडे वळते.

नाकडोळ्यांचं आपण समजू शकतो. पण स्वभावाचं काय? एखादं मूल माणसांत रमतं, दुसरं कोपऱ्यात एकटंच खेळत बसतं. हे खरंच जन्मतःच ठरलेलं असतं का?

आता हा प्रश्न नुसत्या गप्पांपुरता राहिलेला नाही. ‘मुलाच्या लाळेचा नमुना पाठवा, त्याचा कल, स्वभाव आणि योग्य करिअर आम्ही सांगतो’ अशा जाहिराती मोबाइलवर दिसतात. आईवडिलांना मुलाची काळजी असते, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. म्हणूनच पैसे भरण्याआधी विज्ञानाला नेमकं काय माहीत आहे, ते आपल्याला ठाऊक असायला हवं.

माणसांची जनुकं बदलून त्यांच्या वागण्यात काय फरक पडतो, असे प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत. पण एक जीव असा आहे, ज्याच्यावर असे प्रयोग गेली पन्नासहून अधिक वर्षं चालले आहेत. तो आहे एक इवलासा कृमी. चला, त्याची ओळख करून घेऊया.

हा कृमी आहे तरी कोण?

‘सूत्रकृमी’ हा शब्द शेतकरी कुटुंबांना नवा नाही. डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी त्यांना चांगलेच माहीत असतात. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना गोळी दिली जाते. ती ज्यांच्यासाठी असते, ते पोटातले जंतही याच मोठ्या खानदानातले.

आपल्या गोष्टीतला कृमी मात्र अगदी निरुपद्रवी आहे. त्याचं नाव ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’, थोडक्यात ‘सी. एलिगन्स’. लांबी साधारण १ मिलिमीटर. सडक्या फळांत आणि कुजलेल्या पालापाचोळ्यात राहायचं आणि तिथले जिवाणू खायचे, एवढाच त्याचा संसार. अंड्यातून बाहेर पडून मोठं व्हायला त्याला तीन-साडेतीन दिवस लागतात आणि सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांचं.

मग शास्त्रज्ञांना त्याचं इतकं कौतुक का? कारण तो काचेसारखा पारदर्शक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या आतल्या पेशी जिवंतपणीच दिसतात. त्याच्या नेहमीच्या प्रकारात चेतापेशी, म्हणजे मेंदू आणि नसांमधल्या पेशी, आहेत मोजून ३०२. आपल्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात!

पण जनुकांच्या संख्येत हा चिमुकला आपल्याला हार जात नाही. प्रथिनं बनवणारी जनुकं त्याच्याकडे सुमारे २०,००० आहेत आणि आपल्याकडेही जवळपास तेवढीच. त्यातली कितीतरी दोघांतही सारखी आहेत.

एका शास्त्रज्ञाचा धाडसी विचार

१९६०च्या दशकात सिडनी ब्रेनर हे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले शास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये केंब्रिजला काम करत होते. जनुकांपासून वागणूक कशी तयार होते, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी मेंदू असा हवा, की त्यातली एकूण एक पेशी मोजता येईल. त्यांनी या कृमीची निवड केली.

त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. समजा, घरातला मिक्सर कसा चालतो हे तुम्हाला कळून घ्यायचं आहे. तुम्ही त्याचा एक-एक भाग काढून बघाल, की आता काय बंद पडलं? ब्रेनर यांनी एका रसायनाने कृमींच्या जनुकांत बदल घडवले आणि पिल्लांमध्ये काय बिघडलं ते पाहिलं. काही कृमी सरपटताना अडखळायचे, काही नुसते वेटोळं करून पडायचे, काही थरथरत राहायचे, तर काही गोल गोल लोळायचे.

१९७४ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. त्यात सुमारे १०० जनुकांची नोंद होती आणि त्यातली ७७ कृमीच्या हालचालीशी संबंधित होती. पुढे १९८६ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृमीच्या सगळ्या चेतापेशी एकमेकींना कशा जोडलेल्या आहेत, याचा पूर्ण नकाशा मांडला. १९९८ साली त्याची जनुकं अक्षर न् अक्षर वाचून झाली. असा मान मिळालेला तो पहिला बहुपेशीय प्राणी. २००२ साली ब्रेनर यांना दोन सहकाऱ्यांसोबत नोबेल पुरस्कार मिळाला.

भुवईचा केस आणि गुदगुल्या

आता एक मजेदार प्रयोग पाहूया. मार्टिन चाल्फी हे शास्त्रज्ञ टूथपिकच्या टोकाला भुवईचा एक केस चिकटवून त्याने कृमीला हळूच स्पर्श करायचे. डोक्याजवळ केस लागला की कृमी मागे सरकतो, शेपटीकडे लागला की पुढे पळतो.

पण काही कृमी ढिम्म हलत नसत! बरं, ते लुळे होते असंही नाही. सरपटायचे, खायचे, आणि तारेने जोरात टोचलं तर पळायचेही. त्यांना फक्त हळुवार स्पर्श कळत नव्हता. शोध घेतल्यावर दिसलं, की कृमीच्या अंगात हळुवार स्पर्श ओळखणाऱ्या फक्त ६ चेतापेशी असतात आणि त्या नीट चालण्यासाठी ठराविक जनुकं लागतात. त्यातल्या एकात बिघाड झाला, की ही जाणीवच जाते.

इथे पहिली महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. ‘मागे सरक’ असा हुकूम त्या जनुकात लिहिलेला नव्हता. ते जनुक स्पर्श टिपणाऱ्या यंत्रणेचा एक भाग तयार करत होतं. दाराची घंटा वाजली नाही, तर आपण दार उघडायला जाणार नाही. पण म्हणून ‘दार उघडणे’ ही क्रिया घंटेत भरलेली असते, असं कुणी म्हणेल का?

लोण्याचा वास: आवड की नावड?

दुसरा प्रयोग तर आपल्या स्वयंपाकघरातलाच वाटेल. सायीला विरजण लावून केलेल्या लोण्याला जो छान वास येतो, त्यात ‘डायअॅसिटिल’ नावाच्या पदार्थाचा मोठा वाटा असतो. जिवाणू तो तयार करतात. आपल्या कृमीचं अन्नच जिवाणू, त्यामुळे हा वास आला की तो त्या दिशेने सरपटत निघतो.

१९९६ साली पियाली सेनगुप्ता, कोरी बार्गमन आणि सहकाऱ्यांनी हा वास ओळखणारं जनुक शोधलं. त्याचं नाव ‘ओडीआर-१०’. हे जनुक एक रिसेप्टर बनवतं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरचं कुलूप समजा, ठराविक वासाच्या किल्लीनेच उघडणारं. हे जनुक बिघडलं, की कृमीला लोण्याचा वास येईनासा होतो.

खरी गंमत पुढच्या वर्षी झाली. शास्त्रज्ञांनी हेच जनुक, काहीही बदल न करता, कृमीच्या दुसऱ्या एका चेतापेशीत चालू केलं. ही पेशी एरवी घातक, नकोशा वासांची खबर देते. मूळच्या पेशीत मात्र ते बंद ठेवलं. काय झालं असेल? ज्या वासाकडे कृमी धावत जायचे, त्याच वासापासून ते दूर पळू लागले!

म्हणजे ‘लोणी आवडणं’ हे त्या जनुकात नव्हतंच. वास ओळखायचं काम जनुकाने केलं. त्या वासाकडे जायचं की त्यापासून पळायचं, हे मात्र ते कुठल्या पेशीत बसलं आहे आणि ती पेशी पुढे कुणाशी जोडलेली आहे, त्यावर ठरलं.

एकलकोंडा की गोतावळ्यातला?

आता येऊया आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे स्वभावाकडे.

प्रयोगशाळांमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा कृमी मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या मशरूमच्या खतातला. त्याच्यासमोर जिवाणूंचं ताट वाढलं, की प्रत्येक कृमी आपापल्या कोपऱ्यात एकटा खातो. पण हवाई बेटावरचे कृमी पाहिले, तर चित्र वेगळं. ते ताटाच्या कडेला गर्दी करतात, एकमेकांना चिकटून घोळक्याने जेवतात. लग्नातल्या पंगतीसारखे!

१९९८ साली मारिओ द बोनो आणि कोरी बार्गमन यांनी या फरकाचं कारण शोधलं. ते होतं ‘एनपीआर-१’ नावाचं एकच जनुक. हे जनुक जे प्रथिन बनवतं, ती एक मण्यांची माळ आहे असं समजा. एकट्याने खाणाऱ्यांच्या आणि घोळक्याने खाणाऱ्यांच्या माळेत फरक होता फक्त २१५व्या मण्याचा.

त्यांनी एकट्या कृमींचं जनुक घोळक्यातल्या कृमींना दिलं, तर तेही एकटे खाऊ लागले. आणि एकट्या कृमींमध्ये ते जनुक बंद पडलं, तर त्यांचे घोळके होऊ लागले. एक मणी बदलला आणि स्वभाव बदलला!

इथेच थांबलो असतो, तर ‘मिळून मिसळून राहण्याचं जनुक सापडलं’ अशी झकास बातमी झाली असती. पण संशोधन थांबलं नाही, आणि पुढे जे कळलं ते जास्त विचार करायला लावणारं आहे.

घोळका प्रेमाचा नव्हे, हवेचा!

२००४च्या सुमारास बार्गमन यांच्यासह काही शास्त्रज्ञांना कळलं, की या सगळ्यामागे ऑक्सिजन आहे. आपण श्वास घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. सडक्या फळांत राहणाऱ्या या कृमीला तो जास्त होतो. त्याला ५ ते १२ टक्के बरा वाटतो.

ताटाच्या कडेला जिवाणूंचा थर जाड असतो. ते जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून तिथे तो कमी. आणि खूप कृमी एकत्र चिकटले, की घोळक्याच्या आत तो आणखी कमी. म्हणजे ते एकमेकांच्या ओढीने नव्हे, तर जास्त ऑक्सिजनपासून पळत पळत एकाच जागी येत होते! हवेतला ऑक्सिजन कमी केला, तर घोळके पांगू लागले. जनुक तेच, कृमी तेच, फक्त हवा बदलली आणि ‘स्वभाव’ बदलला.

एनपीआर-१ जनुक यात काय करतं? समोर अन्न असेल, तर ऑक्सिजनची ती कटकट जरा दुर्लक्षित करायला ते मदत करतं. एकट्याने खाणाऱ्या कृमीत ते जोरात काम करतं, घोळक्यातल्यांमध्ये कमी. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं बटण असतं ना, तसंच काहीसं. त्या बटणावर ‘माणूसघाणा’ किंवा ‘मनमिळाऊ’ असं काही लिहिलेलं नाही. ते शिक्के आपण मारले.

आणि ‘नेहमीचा’ कृमी खरा नेहमीचा नव्हताच

यात आणखी एक धक्का बाकी होता. वर्षानुवर्षं प्रयोगशाळेतला एकटा खाणारा कृमी हाच ‘नॉर्मल’ मानला जात होता. २००९ साली जनुकांचा इतिहास तपासल्यावर दिसलं, की एकट्याने खायला लावणारा तो बदल निसर्गातला नव्हताच. कृमी प्रयोगशाळेत आणल्यावर, तिथल्या आयत्या ताटावर आणि मोकळ्या हवेत पिढ्या न् पिढ्या वाढताना तो झाला आणि टिकला. निसर्गातले कृमी बहुतेक सगळे घोळक्यातलेच.

लांडग्याचा माणसाजवळ राहून पाळीव कुत्रा व्हावा, तसा हा प्रकार. विचार करा, ज्याला सगळे मोजपट्टी समजत होते, तो स्वतःच परिस्थितीने घडवलेला निघाला. एखाद्या मुलाला ‘हे नॉर्मल नाही’ म्हणण्याआधी ही गोष्ट आठवायला हरकत नाही.

३०२ पेशींचा जीवही शिकतो

तुम्हाला वाटेल, एवढासा जीव, तो काय शिकणार? पण तो शिकतो. ज्या तापमानात त्याला पोटभर खायला मिळालं, ते तापमान तो लक्षात ठेवतो आणि पुढे तिकडेच जातो. हे १९७५ सालीच दिसून आलं होतं.

२००५ सालचा एक प्रयोग तर प्रत्येक आईला पटेल असा आहे. काही रोगट जिवाणूंचा वास या कृमीला सुरुवातीला आवडतो. ते खाऊन काही तासांत तो आजारी पडतो आणि मग त्या वासाकडे पाठ फिरवतो. एकदा बाहेरचं खाऊन पोट बिघडलं, की त्या पदार्थाचा वासही नकोसा होतो, तसंच! ज्या कृमींमध्ये सेरोटोनिन हे रसायन बनवणारं जनुक बिघडलेलं होतं, त्यांना मात्र हा धडा घेता आला नाही.

म्हणजे जनुकं आणि शिकणं हे एकमेकांचे वैरी नाहीत. जनुकंच शिकण्याची सोय करून देतात. काय शिकायचं, ते अनुभव ठरवतो.

आता शेवटचा प्रयोग. २०१७ साली शास्त्रज्ञांनी जनुकं अगदी एकसारखी असलेले कृमी एकसारख्या ताटात, एकसारख्या वातावरणात वाढवले आणि अंड्यातून निघाल्यापासून त्यांच्यावर नजर ठेवली. सगळे सारखेच वागायला हवे होते ना? पण काही कृमी वाढीच्या सगळ्या टप्प्यांत जास्त भटके राहिले, तर काही जास्त बैठे. जनुकं तीच, परिस्थिती तीच, तरीही प्रत्येकाची चाल वेगळी! जुळ्या मुलांच्या आईला यात काहीच नवल वाटणार नाही.

मग आपलं काय?

माणूस म्हणजे कृमी नव्हे, हे तर उघड आहे. पण अंदाज बांधून पाहा. ३०२ चेतापेशींच्या जीवात, ज्याचा पूर्ण नकाशा आपल्याकडे आहे, त्यातही जनुक बघून ‘हा असाच वागेल’ असं सांगताना हवा, अन्न, अनुभव आणि नशिबाचा भाग विचारात घ्यावा लागतो. तर ८,६०० कोटी चेतापेशींचं आपलं मूल लाळेच्या एका थेंबावरून कसं वाचता येईल?

माणसाच्या स्वभावात जनुकांचा वाटा नक्कीच आहे, तो नाकारायचं कारण नाही. पण तो एका-दोन जनुकांचा नसून असंख्य जनुकांचा असतो आणि त्यातल्या प्रत्येकाचा परिणाम अगदी थोडा असतो. म्हणून घरात एवढं लक्षात ठेवूया:

• आजार आणि स्वभाव यांत गल्लत नको. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसारख्या आजारांत जनुकाची तपासणी खरोखर उपयोगी असते. डॉक्टरांनी सांगितली तर ती जरूर करा. पण ‘मूल गायक होईल की इंजिनिअर’ हे सांगणाऱ्या तपासणीला तसा आधार नाही.

• शिक्का मारण्याआधी ‘हवा’ तपासा. मूल एकटं बसतंय म्हणजे ते एकलकोंडंच असेल असं नाही. कदाचित वर्गातला गोंगाट, नवी शाळा किंवा नवी भाषा त्याला जड जात असेल.

• “तुझ्या रक्तातच आहे” हे वाक्य जपून वापरा. कौतुकाने म्हटलं तर ठीक. पण रागाने म्हटलं, तर मुलाला वाटतं की आता बदलायला जागाच नाही.

• भावंडांची तुलना टाळा. एकसारख्या जनुकांचे कृमीही एकसारखे वागत नाहीत, मग दोन भावंडं का वागावीत?

आपल्या देशातही या कृमीवर मोलाचं काम चालतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्याच्या चेतापेशींचा अभ्यास होतो. तुमच्या घरात विज्ञानाची आवड असलेलं मूल असेल, तर त्याला या कृमीची गोष्ट नक्की सांगा.

आणि ‘खाण तशी माती’ म्हणायची सवय सुटत नसेल, तर म्हणा. फक्त त्याच मातीत पाणी, ऊन आणि हात बदलला, की कधी पणती होते, कधी माठ होतो, हेही सोबत सांगा.